पाणी उतरताना

दादाची एकच अट होती. रोज सकाळी बॅगा भरायच्या, बस पकडायची आणि संध्याकाळी नव्या हॉटेलात त्याच बॅगा पुन्हा उघडायच्या, असली सहल त्याला नको होती. माझा भाचा, म्हणजे त्याचाच मुलगा, फ्रान्समध्ये तुलूजला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो फोनवर म्हणाला, "बाबा, मग आठवडाभर बोटच भाड्याने घ्या. चालवायची आपणच. समुद्र नाही, नदी नाही, कालवा आहे, कनाल द्यु मिदी. साडेतीनशे वर्षांपूर्वी खणलेला." शेवटचं वाक्य ऐकून दादा गप्प झाला. त्याचं गप्प होणं म्हणजे होकार, हे वहिनींना आणि मला चांगलं ठाऊक आहे.

आम्ही दोघं भावंडं नीरा डाव्या कालव्याच्या काठी वाढलो. आमचे वडील, नाना, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आवर्तन सुटलं की ते रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन भरावावरून चालायचे, कुठे पाझर दिसतोय का ते बघत. दिवसा कधी आम्हालाही बरोबर न्यायचे. कालव्यात एखादं पान टाकायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्याच्या बरोबरीने काठाने चालायचे. ठरलेल्या अंतराला पानाने किती वेळ घेतला, त्यावरून पाण्याचा वेग काढायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा. पुढे दादा शेतीत गेला, आता त्याची द्राक्षबाग आहे. मी पुण्यात शाळेत शिकवलं. कालवा मागे राहिला, पण वाहतं पाणी दिसलं की दोघांचेही पाय थांबतात, ते काही सुटलं नाही.

व्हिसा आणि तिकिटांचं सगळ्यांना माहीत असतं, ते सोडून देते. आम्ही सप्टेंबर निवडला. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी हा कालवा बंद ठेवतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये बोटींची दाटी असते. दादा, वहिनी, मी आणि माझे यजमान असे आम्ही चौघं, आणि पहिले दोन दिवस सोबतीला भाचा. कार्कासॉनचा तटबंदीचा किल्ला बघून शनिवारी दुपारी आम्ही जवळच्या त्रेब गावातल्या धक्क्यावर पोचलो. तिथून बेझिएच्या पलीकडे बोट सोडून द्यायची, असा एकेरी प्रवास ठरवला होता.

फ्रान्समध्ये अशी भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही. बोट देणारी कंपनी तासभर शिकवते आणि तेवढ्या प्रवासापुरतं एक कार्ड देते. आमची बोट साधारण अकरा मीटर लांब होती. दोन झोपायच्या खोल्या, मधे बैठक आणि ओटा, गॅसच्या शेगड्या, आणि सुकाणू दोन ठिकाणी, एक आत, एक वर गच्चीवर. शिकवणाऱ्या माणसाने इंजिन सुरू कसं करायचं, पाण्याची टाकी रोज कुठे भरायची, गॅस कुठून बंद करायचा, हे भराभर दाखवलं. सुकाणूपाशी मात्र तो बराच वेळ थांबला. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. सुकाणू फिरवल्यावर दोन-तीन श्वास काहीच होत नाही, मग बोट वळायला लागते. नवखा माणूस त्या दोन-तीन श्वासांत घाबरून चाक आणखी फिरवतो आणि बोट थेट काठात घुसते. ह्यांनी आयुष्यभर पुण्याच्या रहदारीत गाडी चालवली आहे. त्यांना ती सवय मोडायला दोन दिवस लागले. दादाला जमलं लगेच. बैलगाडी हाकलेला माणूस तो.

वेगमर्यादा ताशी आठ किलोमीटर आणि उभ्या बोटींजवळून जाताना त्याहून कमी. काठावरच्या जुन्या वाटेवरून, जिथून पूर्वी घोडे बोटी ओढायचे, सायकलवाले आम्हाला सहज मागे टाकत होते. जोरात गेलं तर लाट उठते आणि काठाची माती धुपते. ते कारण सांगितल्यावर दादाने मान डोलावली आणि पुढे आठवडाभर आम्ही कधी सात-आठच्या वर गेलो नाही.

त्या रात्री भाच्याने टेबलावर नकाशा पसरला. तुलूजपासून भूमध्य समुद्राच्या कडेच्या 'तो' नावाच्या सरोवरापर्यंत 240 किलोमीटरची निळी रेघ. दादाने पहिला प्रश्न विचारला, तो नानांनीही हाच विचारला असता: "पाणी कुठून येतं?"

खरी गोष्ट त्या प्रश्नातच आहे. हा कालवा एका बाजूने चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. मधे नोरूझची खिंड, समुद्रसपाटीपासून सुमारे 190 मीटर उंच. बोटी दारं लावलेल्या हौदांतून चढतात-उतरतात आणि प्रत्येक बोट उतरताना हौदभर पाणी खाली नेते, कुठल्याही बाजूला उतरली तरी. म्हणजे माथ्यावर सतत पाणी हवं, आणि माथ्यावर नदी नाही. अटलांटिक आणि भूमध्य जोडायचं स्वप्न फ्रान्सच्या राजांनी आधीही पाहिलं होतं, ते याच प्रश्नावर अडलं होतं. उत्तर शोधलं पिएर-पॉल रिकेने. हा बेझिएचा माणूस, मिठावरचा कर गोळा करण्याचा मक्ता घेतलेला, इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही. त्याने उत्तरेकडच्या काळ्या डोंगरातले ओढे अडवले, त्यांचं पाणी पाटांनी गोळा केलं आणि उतार राखत राखत नोरूझपर्यंत आणलं. पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्याला पुरावं म्हणून सें-फेरेओलला धरण बांधलं. 1662 मध्ये त्याने चौदाव्या लुईच्या कोल्बेर या मंत्र्याला पत्र लिहिलं, 1666 मध्ये राजाचा हुकूम निघाला. कामाच्या ऐन भरात बारा हजारांच्या आसपास मजूर होते, त्यांत शेकडो बायका. सुट्टीच्या, पावसाच्या आणि आजारपणाच्या दिवसाचीही तो मजुरी द्यायचा. स्वतःचा पैसा त्याने यात ओतला आणि 1680 मध्ये तो गेला. कालवा खुला झाला 1681 मध्ये. मुलांच्या वाट्याला आधी कर्जच आलं.

"म्हणजे आधी धरण, मग पाट, मग कालवा," दादा म्हणाला. "बरोबर आहे. आधी पाण्याची सोय."

रविवारी सकाळी पहिलंच लॉक आलं, तेही तिहेरी. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. वरचं दार उघडं असताना बोट आत घ्यायची, दार लागतं, खालच्या दाराच्या झडपा उघडतात, हौदातलं पाणी खाली जातं आणि त्याबरोबर बोटही. खालची पातळी आली की पुढचं दार उघडतं. त्रेबला असे तीन हौद एकाखाली एक आहेत. पाणी वाचावं म्हणून एका खेपेला तीन-चार बोटी मावतील तेवढ्या घेतात. आमच्या आधी दोन बोटी थांबल्या होत्या, तरी लॉक सांभाळणारी मुलगी हात दाखवून आम्हाला बोलवत राहिली. पाळीचं पाणी म्हटलं की आमच्याकडे हमखास आवाज चढतो. इथे पाळी होती, पण कुणाचा आवाज चढत नव्हता, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

बोट आत आल्यावर पुढून आणि मागून एकेक दोरी काठावरच्या खुंटाला घालून तिचं दुसरं टोक हातात ठेवायचं असतं. बांधायची नाही. पाणी उतरेल तशी सैल सोडायची. मागची दोरी माझ्याकडे होती. पहिल्या हौदात जमलं. दुसऱ्यात बोट हलू नये म्हणून मी खुंटाला एक पूर्ण वेढा दिला. पाणी उतरायला लागलं आणि वेढा स्वतःवरच आवळला गेला. मी ओढत होते, तशी दोरी अधिकच घट्ट बसत होती. बोटीचा मागचा भाग खुंटाला टांगला जाऊ लागला, बोट कलंडली, आतून भांडी घसरल्याचा आवाज आला आणि वहिनी दाराच्या चौकटीला धरून बसल्या. मी ओरडले. त्या मुलीने झडपा तत्काळ बंद केल्या, मग वरून थोडं पाणी आत सोडलं. बोट पुन्हा सरळ झाली, वेढा सुटला. ती काठावर उकिडवी बसली, माझ्या हातातली दोरी घेऊन खुंटाला फक्त अर्धी फेरी कशी घालायची ते दाखवलं आणि म्हणाली, "दूसमाँ, मादाम. दूसमाँ." हळू, बाई, हळू. माझे हात थरथरत होते. तिने तेही पाहिलं असावं, कारण पाणी पुन्हा सोडण्याआधी ती माझ्याकडे बघून मान हलवायची वाट बघत थांबली.

तिसऱ्या हौदात मी दोरी बोटांतून सरकवत होते तेव्हा दादा भिंतीकडे बघत होता. या कालव्याच्या लॉकच्या भिंती सरळ नाहीत. मधे फुगलेल्या आहेत, अंड्यासारख्या. "विहिरीसारखं बांधलंय," तो म्हणाला. आणि तसंच होतं. आपल्याकडची जुनी दगडी विहीर गोल का, तर बाहेरची ओली माती आत ढकलत असते आणि गोल भिंतीचे दगड एकमेकांना रेटून तो भार पेलतात. रिकेच्या सुरुवातीच्या लॉकांपैकी एकाची सरळ भिंत कोसळली होती, त्यानंतर त्याने हा आकार धरला. हौद रिकामा होतो तेव्हा धोका जास्त असतो. आतल्या पाण्याचा आधार जातो आणि मागची माती मात्र ओलीच असते. नाना आवर्तन संपताना कालव्याची पातळी एकदम खाली जाऊ द्यायचे नाहीत, टप्प्याटप्प्याने दारं लावायला लावायचे. घाईने पाणी उतरवलं तर ओला भराव आत ढासळतो. लहानपणी त्यांचं ते वरिष्ठांशी फोनवर भांडणं मी ऐकलेलं होतं. भांडण कशासाठी होतं, ते मला त्रेबच्या तिसऱ्या हौदात कळलं.

त्यानंतर लॉक येत गेली आणि आम्ही सरावलो. मार्सेयेत गावचं एक, मग एक तिहेरी, मग लागोपाठ तीन दुहेरी. त्यांतल्या एका लॉकवर काठभर भंगार लोखंडाचे आणि लाकडाचे पुतळे मांडलेले आहेत, लॉक सांभाळणाऱ्या माणसानेच घडवलेले. दुपारी जेवणासाठी लॉक तासभर बंद असतात. पहिल्या दिवशी आम्हाला तो खोळंबा वाटला. दुसऱ्या दिवसापासून वहिनी बरोबर साडेबाराला कुकर लावायला लागल्या. सोमवारी रात्री ओंप्सला मुक्काम केला. भाचा तिथून परत गेला आणि मंगळवारी सकाळी आम्ही भाड्याच्या सायकलींवर ओलोंझाकच्या बाजाराला गेलो. अंजिरं, टोमॅटो, चंद्रकोरीसारखी हिरवी ऑलिव्ह, शेळीच्या दुधाचं चीज. वहिनींनी मोठी काळी वांगी घेतली आणि बोटीतल्या गॅसवर भाजून भरीत केलं. तो वास काठावर गेला असणार, कारण शेजारच्या बोटीतल्या आजी वाटी घेऊनच आल्या. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण भरीत त्यांनी दोनदा घेतलं.

हे सगळं ऐकून वाटेल की कालव्यावर नुसती सावली आणि शांतता आहे. तसं नाही, आणि ते सांगितलंच पाहिजे. या कालव्याचे फोटो म्हणजे दोन्ही काठांवरच्या प्लेन नावाच्या, चिनाराच्या जातकुळीतल्या झाडांची कमान. एकोणिसाव्या शतकात लावलेली ही झाडं, एकूण सुमारे 42 हजार. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात, सावली पाण्याची वाफ रोखते. 2006 मध्ये त्रेबजवळच या झाडांवर एक बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून तो युरोपात शिरला असं मानतात. औषध नाही. एका झाडाला लागला की मुळांतून शेजारच्या झाडात जातो, पाण्यातूनही पसरतो. तोडून जाळणं हाच उपाय. हजारो झाडं गेली आहेत. आम्ही कमानीखालून जात असायचो आणि एका वळणावर कमान एकदम संपायची, उघडं आभाळ, दोन्हीकडे मऊ माती आणि काठ्यांच्या आधाराने उभी कोवळी रोपं. आता एकाच जातीची न लावता वेगवेगळ्या जाती लावतात. बोटीची दोरी झाडाला बांधायला सक्त मनाई आहे. मुक्कामाला ह्यांनी रोज हातोड्याने लोखंडी मेखा जमिनीत ठोकल्या आणि एकदाही कंटाळा केला नाही. अशा उघड्या पट्ट्यातून जाताना बोटीवर कुणी बोलायचं नाही. आमच्या गावाकडच्या रस्त्याचे वड रुंदीकरणात गेले तेव्हा दादा असाच न बोलता घरी आला होता.

आर्जांसचं लॉक ओलांडलं की पुढचे जवळजवळ 54 किलोमीटर एकही लॉक नाही. थेट बेझिएपर्यंत. कारण कालवा इथे चढ-उताराच्या वाटेलाच जात नाही. टेकडीच्या कुशीतून, एकाच पातळीची रेघ धरून, समोर दिसणाऱ्या गावाला तीन वळसे घालून पोचतो. नीरेचा कालवाही असाच वाकडा आहे आणि लहानपणी मी नानांना विचारलं होतं की सरळ का नाही खणला. इथे मला तो प्रश्न पडला नाही. पाराझाच्या पुढे रेप्युद्र नावाच्या ओढ्यावरून कालवाच पुलावर चढून जातो. 1676 चा दगडी जलसेतू, रिकेच्या काळातला. दादाने बोट बाजूला लावायला सांगितली, खाली ओढ्यात उतरला आणि कमानीखाली उभा राहून कुठे गळती आहे का ते बघत बसला. अर्ध्या तासाने वर आला, समाधानी दिसला.

दोन्ही बाजूंना मिनेर्व्ह्वाच्या द्राक्षबागा. तोडणीचे दिवस, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून चाललेल्या. मांडव नाही, कमरेएवढी झाडं, पुष्कळ ठिकाणी ठिबकही नाही. सोनाका आणि थॉमसनची सवय असलेल्या दादाला हे बघून चैन पडेना. बांधावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याने खुणेने विचारलं, त्याने कारिन्यान जातीचा एक घड तोडून हातात दिला. बारीक काळे मणी, साल जाड, बी मोठं, गोडी मात्र भरपूर. दादाने खिशातून फोन काढून आपल्या बागेचे फोटो दाखवले. मांडवाखालचे ते लांबलचक हिरवे घड बघून म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी मागे सारली. मग दोघं एकेका झाडाची छाटणी बोटांनी दाखवत बांधावर बराच वेळ उभे होते. मी बोटीवरून बघत होते. निघायची घाई कुणालाच नव्हती.

ल सोमायचा कुबड आलेला जुना पूल, त्याला चिकटलेली छोटी प्रार्थनाघराची खोली आणि जुन्या पुस्तकांचं प्रचंड दुकान, तिथे बुधवार गेला. कापेस्तांचा पूल इतका बुटका की गच्चीवरची छत्री मिटवून सगळ्यांनी खाली बसायचं आणि कमानीच्या बरोबर मधोमध बोट घालायची. ती दादाने घातली.

गुरुवारी मालपासचा बोगदा. 1679 चा, दीडशे मीटरहून थोडा लांब, बोटींसाठी खणलेला युरोपातला पहिला. डोंगर ठिसूळ वालुकाश्माचा, आणि तो कोसळेल म्हणून रिकेचे विरोधक काम थांबवायच्या मागे होते. सांगतात की अधिकारी तपासणीला येण्याआधी त्याने काही दिवसांत गुपचूप खणून आरपार केला. बोट बांधून आम्ही वरच्या आंसेरूनच्या टेकडीवर चढलो, तेव्हा कळलं की त्याच टेकडीखालून आणखी दोन बोगदे जातात. एक रेल्वेचा आणि एक त्याहून कितीतरी जुना. टेकडीच्या दुसऱ्या बाजूला मोंतादी नावाचं तळं होतं. तेराव्या शतकात लोकांनी ते कोरडं केलं. चहूकडून चर मध्यावर आणले आणि तिथलं पाणी टेकडीखालून भुयाराने काढून दिलं. वरून बघितलं तर शेतं चाकाच्या आऱ्यांसारखी दिसतात, प्रत्येक शेत केंद्राकडे निमुळतं होत गेलेलं. आज आठशे वर्षांनंतरही तिथे पीक उभं होतं. आपल्याकडे माणसं पाणी आणण्यासाठी झिजली, इथे काढून टाकण्यासाठी. दादा तिथल्या दगडावर बसला आणि म्हणाला, "नानांना आणायला पाहिजे होतं." नानांना जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. मी त्याच्याशेजारी बसले.

शुक्रवारी सकाळी फोंसेरान. बेझिएच्या उशाशी डोंगरउतारावर अंडाकृती हौदांची शिडी, सुमारे तीनशे मीटर अंतरात एकवीस मीटरच्या वर उतार. खाली जायच्या आणि वर यायच्या वेळा ठरलेल्या असतात. दोन्ही काठांवर बघ्यांची गर्दी. मागची दोरी पुन्हा माझ्याकडेच होती, मी मागून घेतली होती. अर्धी फेरी, दोरी बोटांतून सरकती. एकेका हौदात पाणी उतरत गेलं, भिंती उंच होत गेल्या, शेवाळाचा ओला वास आला, मग दार उघडलं आणि पुढच्या हौदात शिरलो. पाऊण तासाने आम्ही पायथ्याशी होतो आणि थोड्याच वेळात ऑर्ब नदीवरच्या जलसेतूवर. तो 1858 चा. त्याआधी बोटींना नदीच्या पात्रातूनच पलीकडे जावं लागे आणि पुराच्या दिवसांत खोळंबून राहावं लागे. बोटीतून खाली नदी वाहताना दिसते, बाजूला टेकडीवर बेझिएचं चर्च. ह्यांनी आठवड्यात पहिल्यांदाच सुकाणू वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी सेतू सरळ पार केला.

बोट शनिवारी परत केली. डिझेलचा हिशोब इंजिन किती तास चाललं त्यावर होतो, तो चुकता केला आणि रेल्वेने तुलूजला आलो. रविवारी भाच्याने विचारलं, कुठे जायचंय? दादाने उत्तर आधीच ठरवलेलं होतं.

नोरूझला पर्यटक फारसे नव्हते. रिकेच्या वंशजांनी उभारलेला एक स्तंभ आहे. रिकेने इथे अष्टकोनी जलाशय केला होता, तो गाळाने भरला आणि आज तिथे बाग आहे. तिच्या कडेने, प्लेन झाडांखालून, काळ्या डोंगराकडून आलेला तो पाट वाहतो. रुंदीला आमच्या एखाद्या वितरिकेएवढा. इथून अर्धं पाणी अटलांटिककडे जातं, अर्धं भूमध्याकडे. आठवडाभर आम्ही ज्या पाण्यावर झोपलो, ते या पाटातून येतं.

दादा काठावर वाकला. खाली पडलेलं प्लेनचं एक पिवळं पान उचललं, मधोमध पाण्यावर सोडलं आणि मनगट वर करून घड्याळाकडे बघत चालायला लागला. मी त्याच्या मागून पावलं मोजत निघाले.